बिघडलेल्या मजकुराची दुरुस्ती

कागदावरची शाई फिकी होते, वहीला वाळवी लागते. पण 'क' चा कधी 'ड' होत नाही. संगणकातील मजकुराची गोष्ट निराळी आहे. फाईल शाबूत असते, उघडतेही; मात्र मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि चौकोन यांची खिचडी दिसते. संस्थांची इतिवृत्ते, वाचनालयांच्या याद्या, स्मरणिका व नियतकालिके यांच्या जुन्या फायली पुष्कळ ठिकाणी अशा स्थितीत पडून आहेत. 'खराब झाली' म्हणून अशी फाईल पुसून टाकली, की मजकूर कायमचा जातो. वस्तुतः तो बहुधा नष्ट झालेला नसतो. म्हणून आधी बिघाड कोणता ते ओळखावे आणि मगच उपायाला हात घालावा.

बिघाडाचे मूळ

संगणक अक्षर साठवीत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. जुन्या छापखान्यातील खिळ्यांची पेटी डोळ्यांपुढे आणा. कोणत्या खणात कोणता खिळा, हे जुळाऱ्याला ठाऊक असे. पूर्वीच्या मराठी फॉन्टांनी इंग्रजीच्या खणांवरील चिठ्ठ्या तशाच ठेवून आत देवनागरीचे खिळे भरले. असे खण जास्तीत जास्त २५६. शिवाय श्रीलिपीची मांडणी वेगळी, कृतिदेवची वेगळी. कन्नडातही नुडी, बरह यांच्या जुन्या फॉन्टांची हीच रीत. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तेथे आतले खिळे नाहीसे होतात आणि इंग्रजी चिठ्ठ्या तेवढ्या दिसतात.

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली 'इस्की' हे मानक ठरवले होते. पण छपाईचे फॉन्ट आपापल्या मांडणीनेच चालत राहिले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीला १२८ आणि कन्नडाला १२८ स्वतंत्र जागा मिळाल्या. दोन्ही गटांची रचना इतकी सारखी आहे, की मराठी 'क' आपल्या गटात जितक्या क्रमांकावर आहे, तितक्याच क्रमांकावर कन्नड 'क' त्याच्या गटात आहे.

तीन बिघाड, तीन उपाय

पहिला बिघाड जुन्या फॉन्टचा. अक्षरांवर टिचकी मारून फॉन्टचे नाव पाहावे. तो फॉन्ट मिळवून बसवला की मजकूर वाचता येतो. मग त्याच फॉन्टसाठी केलेल्या परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये आणावा. नुसता नवा युनिकोड फॉन्ट निवडून काही साधत नाही. क्रमांक जुनेच राहतात.

दुसरा बिघाड वाचनाचा. युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. ते तीन बाइट तीन वेगळी अक्षरे समजून वाचले, तर टोपीवाली युरोपीय अक्षरे ओळीने दिसू लागतात. फाईल न साठवता बंद करून, उघडताना युटीएफ-८ ही पद्धत निवडली की काम होते. परंतु अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटून फाईल तशीच साठवली गेली असेल, तर मूळ क्रमांकच गेले असे समजावे. त्या प्रतीला उपाय नाही. दुसरी प्रत शोधावी.

तिसरा बिघाड मांडणीचा. शब्द बरोबर असतात, पण दर परिच्छेदाचा फॉन्ट निराळा, ओळींमधील अंतर कमीजास्त, आणि समास आखण्यासाठी कोणीतरी शेकडो मोकळ्या जागा टाकलेल्या. येथे सारा मजकूर 'फक्त मजकूर' म्हणून कोऱ्या फाइलीत उतरवावा आणि शीर्षक, परिच्छेद यांच्या ठरावीक शैली नव्याने लावाव्या. यात ठळक व तिरके शब्द साधे होतात, तळटीपाही गळतात. त्यांची नोंद आधीच करून ठेवावी.

आधी काय, मग काय

आपल्यासारख्या दोन भाषांच्या अंकात येथेच घात होतो. एका फाइलीत मराठी श्रीलिपीत, कन्नड नुडीत आणि मध्येच इंग्रजी असेल, तर कोणता तुकडा कोणत्या भाषेचा हे सांगणारा एकमेव पुरावा म्हणजे फॉन्टचे नाव. आधी मांडणी पुसली, तर तो पुरावाच पुसला जातो. म्हणून परिवर्तन आधी, स्वच्छता नंतर, हा क्रम कधी सोडू नये.

परिवर्तनानंतर विशेषतः तीन जागा पाहाव्यात. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टांत व्यंजनाच्या आधी टंकली जाई. युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे उलट. 'धर्म'मधील रफार पूर्वी 'म'नंतर येई, आता 'र' आधी येतो. ही अदलाबदल चुकली, की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. तिसरी जागा म्हणजे 'ऱ्या'. काही फाइलींत हे रूप एका अदृश्य जोडचिन्हाच्या आधाराने साठवलेले असते. 'नको ती अदृश्य चिन्हे' म्हणून सरसकट काढून टाकली, तर 'आचाऱ्यांना' जेवण द्यायचे ते 'आचार्यांना' जाते आणि डोंगरातल्या 'दऱ्यां'चा 'दर्या' होतो. कन्नडात 'रँक' हा शब्द लिहितानाही असेच जोडचिन्ह लागते.

तेरीज जुळली तरी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगायला नको. रोजकीर्दीतली रक्कम रामच्या ऐवजी शामच्या खात्यावर गेली, तरी तेरीज जुळतेच. तसेच येथे. परिच्छेदांची व शब्दांची संख्या दुरुस्तीच्या आधी आणि नंतर मोजावी. ती जुळली नाही तर चूक नक्की आहे. पण जुळली म्हणून सारे बरोबर आहे असे नव्हे. 'आचार्य' आणि 'आचारी' यांतला भेद यंत्राला मोजून कळत नाही. त्यासाठी एकाने मूळ छापील प्रत मोठ्याने वाचावी व दुसऱ्याने पडद्यावर पाहावे, ही मुद्रितशोधकांची जुनी पद्धतच उपयोगी पडते. कन्नड भाग कन्नड जाणणाऱ्यानेच तपासावा. मूळ फाइलीला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करावे, आणि काम संपल्यावरही मूळ फाईल जपून ठेवावी.

आपल्या घरी, गल्लीतल्या मंडळात किंवा गावच्या वाचनालयात अशा जुन्या फायली व तबकड्या असतील, तर त्या फेकू देऊ नका. ज्यांनी त्या टंकल्या, त्यांना फॉन्टचे नाव अजून आठवत असेल. आजच विचारून फाइलीच्या नावापुढे लिहून ठेवा. तेवढी एक नोंद हाती असली, तर पुढचे काम कोणीही करू शकेल.