न घडलेले संकट आणि प्रतिबंधाचे मूल्य : 'वायटूके' समस्येचा पुनर्विचार

प्रस्तावना :
परंडा येथील भुईकोट किल्ल्याभोवती खंदक आहे. एखाद्या वर्षी शत्रू चाल करून आला नाही, म्हणून त्या वर्षी खंदकाची निगा राखण्यासाठी झालेला खर्च वाया गेला, असे म्हणता येईल काय? १ जानेवारी २००० नंतर संगणकक्षेत्रासंबंधी हाच प्रश्न उपस्थित झाला. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

समस्येचे स्वरूप :
स्मृतिसाठा महाग असल्याने जुन्या संगणक-प्रणालींत वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक नोंदविले जात. त्यामुळे २००० हे वर्ष '००' म्हणजे १९०० समजले जाण्याचा धोका होता. १९६५ साली जन्मलेल्या व्यक्तीचे वय ३५ ऐवजी उणे ६५ येणार होते. व्याज, निवृत्तिवेतन व विमा यांची गणिते अशा वजाबाकीवरच अवलंबून असतात.

प्रतिबंधक कार्य :
कोबोलसारख्या भाषांतील कोट्यवधी ओळी तपासून दुरुस्त करण्यात आल्या. काही ठिकाणी वर्ष चार अंकी केले गेले. काही ठिकाणी ठरावीक अंकाखालील वर्षे एकविसाव्या शतकातील मानण्याची स्वस्त तडजोड झाली. या कामात मुंबईस्थित टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससह अनेक भारतीय कंपन्यांचा मोठा वाटा होता. जागतिक खर्चाचा अंदाज ३०० ते ६०० अब्ज डॉलर इतका वर्तविला गेला होता.

आक्षेप व परीक्षण :
ज्या देशांनी अल्प खर्च केला तेथेही अनर्थ घडला नाही, हा प्रमुख आक्षेप होय. त्यात तथ्य आहे. काही खर्च निश्चितच भीतीपोटी झाला. तथापि अशा अनेक देशांत संगणकावरील अवलंबित्व कमी होते आणि इतरत्र दुरुस्त झालेल्या प्रणालींचा लाभही त्यांना मिळाला. शिवाय जेथे दोष राहून गेला तेथे तो प्रकट झाला. इंग्लंडमधील शेफील्ड येथे मातेचे वय चुकीचे मोजले गेल्याने दीडशेहून अधिक गर्भवतींना डाऊन्स सिंड्रोम चाचणीचे चुकीचे निष्कर्ष कळविले गेले. दोष काल्पनिक नव्हता, हे यावरून सिद्ध होते.

स्थानिक संदर्भ :
३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे दगड-मातीच्या घरांखाली गाडली गेली. त्यानंतर भूकंपरोधक घरे उभारण्यात आली. ती घरे पुन्हा कधीच कसोटीस लागली नाहीत, तर तो तोटा नव्हे, सुदैवच ठरेल.

निष्कर्ष :
प्रतिबंधाचे मूल्य परिणामावरून नव्हे, तर निर्णयसमयी उपलब्ध असलेल्या ज्ञानावरून ठरवावे. दोष चाचणीत आढळला होता काय, दुर्लक्षाची संभाव्य हानी किती होती आणि खर्च त्या प्रमाणात होता काय, हे तीन निकष त्यासाठी उपयुक्त ठरतात. संकट टाळणाऱ्यालाच उधळ्या ठरविले, तर पुढील वेळी कोणी पुढाकार घेणार नाही. ३२ बिटांत काळ मोजणाऱ्या प्रणालींची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी संपणार आहे. म्हणून हा विचार केवळ इतिहासापुरता उरत नाही.