धारूरच्या तटाला चुनाच हवा

धारूरच्या किल्ल्याचा तट जवळून पाहायचा तर दोन चिऱ्यांमधल्या दरजेवर नख ओढून पाहावं. पांढुरका चुना सहजी सुटत नाही. आदिलशाही सरदार किश्वरखान लारीने 1567 च्या सुमारास बालाघाटाच्या डोंगरावर हा किल्ला बांधला, 1631 मध्ये तो मोगलांकडे गेला. तीन बाजूंना दरी, उरलेल्या बाजूला खंदक. जर्मनीत असे कितीतरी जुने किल्ले आज त्या त्या भागाची संग्रहालयं झाले आहेत. बीड जिल्ह्याचं संग्रहालय धारूरात व्हावं, असं मला मनापासून वाटतं. पण आधी भिंती.

चुन्याचं काम मी जिल्ह्यातल्याच एका जुन्या वाड्याच्या डागडुजीवर पाहिलं. भाजलेल्या चुनखडीवर पाणी पडलं की ती फसफसून उकळते, वाफ अंगावर येते. विरलेला चुना, वाळू आणि विटांची सुरखी चुन्याच्या घाणीत पडते. दगडी चाक गोल चरातून फिरत राहतं. वरून गुळाचं आणि बेलफळाचं पाणी. दुपारी मिस्त्रीमामांनी थापीवर गोळा घेतला आणि थापी उलटी धरली. गोळा पडला. “अजून मळू द्या,” एवढंच म्हणाले आणि चाक पुन्हा सुरू झालं. संध्याकाळी गोळा थापीला चिकटून राहिला, तेव्हा कुठे पहिली दरज भरली. त्यावर ओलं गोणपाट टाकलं. पुढे कित्येक दिवस पाणी मारणं चालूच.

एवढा खटाटोप कशाला, सिमेंट ओढून मोकळं व्हावं, असं अनेकांना वाटतं. तटाच्या दोन तोंडांमध्ये दगडमातीचा भराव असतो. पावसाचं पाणी त्यात मुरतंच. चुन्याच्या दरजेतून ती ओल हळूहळू बाहेर पडते. सिमेंट तिची वाट अडवतं; मग भिंत आतून फुगते आणि एखाद्या पावसाळ्यात चिरे निसटतात.

संग्रहालयासाठी तर हे फारच महत्त्वाचं. अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर लिहिलेली. तिची पूर्ण आकाराची प्रत जरी धारूरात लावायची म्हटली, तरी ओल धरलेल्या दालनात कापड टिकणार नाही.

तुमच्या गावातल्या गढीची किंवा वेशीची दुरुस्ती निघाली, तर चुन्याची घाणी कुठे लावली आहे ते आधी विचारा. घाणी नसेल तर काम थांबवायला सांगा.