ब्लॅक बेल्टची घाई कशाला?

मागील पावसाळ्यातील गोष्ट आहे. ताप-खोकल्याच्या रुग्णांनी दवाखान्यातील बाके भरून गेली होती. एक गृहस्थ आपल्या दहा वर्षांच्या मुलासह आत आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रविवारी याची कराटेच्या बेल्टची परीक्षा आहे. तेवढा फिटनेसचा दाखला द्या." खुर्चीवरून उठताना मुलगा डावा पाय जपत होता. ते मला दिसले होते. तरीही मी काही विचारले नाही आणि सही केली.

सोमवारी तोच मुलगा वडिलांच्या आधाराने लंगडत आला. दोन आठवड्यांपूर्वी मुरगळलेल्या घोट्यावर त्याने पूर्ण परीक्षा दिली होती. एक्स-रे पाहून अस्थिरोगतज्ज्ञांनी प्लास्टर घातले. हिरवा बेल्ट त्याला मिळाला होता. या दुखण्यात माझ्या सहीचाही वाटा होता. म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

बेल्ट म्हणजे नेमके काय?

वाशीम, कारंजा, रिसोडसारख्या गावांतही आता मुले-मुली कराटे, तायक्वांदो शिकतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु बेल्टचा अर्थ बहुतेक पालकांना ठाऊक नसतो. ही पद्धत फार प्राचीन नाही. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदोची कोदोकान ही संस्था स्थापन केली आणि पुढील वर्षी आपल्या दोन शिष्यांना पहिला 'दान' दर्जा दिला. कराटेत गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ साली ही पद्धत स्वीकारली. पांढऱ्या व काळ्याच्या मधले अनेक रंग नंतर युरोपात रूढ झाले आणि तेथून जगभर पसरले.

प्रारंभीच्या दर्जांना 'क्यू' म्हणतात. ते उतरत्या क्रमाने मोजतात. म्हणजे पहिला क्यू हा ब्लॅक बेल्टच्या अलीकडचा. त्यानंतर 'दान' चढत्या क्रमाने सुरू होतात. पहिल्या दानाला जपानी भाषेत 'शोदान' म्हणतात आणि त्यातील 'शो' या अक्षराचा अर्थ 'आरंभ' असा आहे. ज्याला आपण शिखर समजतो, त्याला ही विद्या आरंभ मानते.

कराटेच्या परीक्षेत मूलभूत हालचाली, 'काता' म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, आणि 'कुमिते' म्हणजे जोडीदाराशी लढत, अशा तीन गोष्टी पाहतात. तायक्वांदोत कोरियातील कुक्कीवॉन ही संस्था दान दर्जाची प्रमाणपत्रे देते. तेथे पंधरा वर्षांखालील मुलांना दान न देता 'पूम' हा वेगळा दर्जा देतात. लहान शरीर आणि कोवळे मन यांचे मोजमाप प्रौढांच्या मापाने करू नये, हे त्यात मान्य केले आहे. कराटेत मात्र सर्वांसाठी एकच दर्जा देणारी संस्था नाही. प्रत्येक शैली आणि संघटना आपापले बेल्ट देते. त्यामुळे बेल्टचे मोल तो देणाऱ्या गुरूच्या काटेकोरपणावर अवलंबून असते.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षण यांचा आधार मान्यताप्राप्त स्पर्धांतील सहभाग व यश हा असतो. केवळ बेल्टच्या प्रमाणपत्रावर ते मिळत नाहीत. त्या आशेने घाई करण्यात काहीच अर्थ नाही.

आपल्या आखाड्यातील पायऱ्या

आपल्याकडेही दर्जाची रीत होतीच. जत्रेच्या फडात लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग नारळावर, पुढे रोख इनामावर. या वाटेचे टोक म्हणजे १९६१ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेची चांदीची गदा. कमरेला रंग बांधलेला नसला, तरी कोणाची जोड कोणाशी लावायची हे वस्ताद ओळखून असत. रेवड्यांवर खेळणाऱ्या पोराला कोणी थेट इनामाच्या कुस्तीत उतरवत नसे.

शरीराचे वेळापत्रक

बेल्टच्या दोन परीक्षांमध्ये काही महिन्यांचे अंतर असते, ते हालचाल अंगवळणी पडावी आणि स्नायू-सांधे बळकट व्हावेत यासाठी. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो. मुलींमध्ये साधारण चौदा-पंधरा आणि मुलांमध्ये सोळा-सतरा वर्षांपर्यंत तो पूर्ण कठीण होत नाही. आपल्याला साधी मुरगळ वाटते, तेथे या भागाला इजा झालेली असू शकते. म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवा:

• मुठींवरच्या दंडबैठका, फळ्या वा कौले फोडणे हे लहान मुलांसाठी नाही.
• सांध्याला सूज असेल किंवा मूल लंगडत असेल, तर परीक्षा पुढे ढकला.
• डोक्याला मार लागून चक्कर, उलटी वा गोंधळल्यासारखे झाले, तर सराव त्याच क्षणी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यांच्या परवानगीशिवाय पुन्हा उतरवू नका.
• वजनगटासाठी मुलाला उपाशी किंवा तहानलेले ठेवू नका. आपल्याकडील उन्हाळ्यात हे जिवावर बेतू शकते.
• दमा असल्यास प्रशिक्षकांना आधीच सांगा. इन्हेलर पिशवीत हवाच.

वर्गात घालण्यापूर्वी विचारा

प्रशिक्षकांचा स्वतःचा दर्जा कोणत्या संघटनेचा आहे? दोन परीक्षांमध्ये किमान किती अंतर ठेवतात? परीक्षेचे शुल्क किती? कधी कोणी नापास होते का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "कोणीच नाही" असे आले, तर सावध व्हा. जेथे सर्वच उत्तीर्ण होतात, तेथे परीक्षा होत नाही, केवळ विक्री होते. उलट जो प्रशिक्षक "अजून सहा महिने थांबा" असे तोंडावर सांगतो, त्याच्या हाती मूल निर्धास्तपणे सोपवा.

तो मुलगा या हिवाळ्यात पुन्हा दाखल्यासाठी आला. या वेळी मी त्याला आधी डाव्या पायावर उभे केले, मग उड्या मारायला लावल्या. तिसऱ्या उडीला त्याचा तोल गेला. घोट्याचे व्यायाम लिहून दिले आणि म्हणालो, "दोन महिन्यांनी ये." वडिलांचा चेहरा उतरला. मुलगाच म्हणाला, "बाबा, परीक्षा पुन्हा असते." सही न करता मी कागद त्यांना परत दिला.