एड्रियन लेंकर: ‘साँग्स’ (2020)

‘बिग थीफ’ बँड ऐकत असाल आणि त्यांच्या गायिकेचा हा सोलो अल्बम राहून गेला असेल, तर आधी हेडफोन शोधा. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं निम्मं हरवतं.

मार्च 2020 मध्ये कोविडमुळे बँडचा युरोप दौरा अर्ध्यावर थांबला. नुकताच प्रेमभंगही झालेला. लेंकर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ भागात एका खोलीच्या लाकडी केबिनमध्ये राहायला गेली. केबिनमधला गिटारचा घुमारा ऐकला आणि तिने साउंड इंजिनिअर फिलिप वाइनरोबला बोलावलं. तो गाडीभर टेप मशीन आणि माइक घेऊन हजर! 11 गाण्यांपैकी 9 तिथेच, रेकॉर्डिंग चालू असताना लिहिली गेली.

सगळं काम अ‍ॅनालॉग टेपवर, कॉम्प्युटरला हातही न लावता. त्यामुळे तारांवर सरकणारी बोटं ऐकू येतात, ‘झोम्बी गर्ल’मध्ये बाहेरचे पक्षी आणि ‘कम’मध्ये पाऊससुद्धा. ‘एनिथिंग’च्या शब्दांत तर चक्क आंब्याचा रस आहे, आपल्याला आणखी काय हवं! शब्द वरवर साधे, पण दुसऱ्यांदा ऐकताना टोचतात. माझ्या मते तिचं सर्वोत्तम काम हेच, बँडच्या चाहत्यांनी खुशाल भांडावं.

सोबत आलेला ‘इन्स्ट्रुमेंटल्स’ मात्र सवडीने ऐका. रोज कामाची सुरुवात आणि शेवट ती गिटारवर सुचेल ते वाजवून करायची. त्यातले निवडक तुकडे जोडून त्याची पहिली बाजू तयार झाली. दोन्ही अल्बम ‘फोर एडी’ लेबलने ऑक्टोबर 2020 मध्ये काढले.