बैलाचे खांदे मळता, आपल्या पायांचे काय?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे तूप-हळद लावून मळतो. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या घरधनिणीच्या अंगाला मात्र तेल लागते ते थेट दिवाळीत! वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त अभ्यंग रोज करावा, त्यातही डोके, कान व पाय यांना विशेष, असे सांगितले आहे.

रात्री पाय धुऊन, पुसून, कोमट तिळाचे किंवा करडईचे तेल पोटऱ्यांना, टाचांना दहा मिनिटे चोळा. (हे काम एकट्या सुनेवर टाकू नका, तिचेही पाय दुखतात.) शीण तर जातोच, पण रोज हात फिरला की रुतलेला काटा, भेग, जखम वेळीच सापडते. मधुमेह्याच्या बधिर पायाला ती कळतच नाही, आणि चिघळली तर पाय कापायची पाळी येते.

एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर मात्र मुळीच चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.