सिअर्सच्या खटल्यात साक्षीला कोणीच नव्हतं

तुल्साच्या दुकानात नोकरी मागायला गेलेल्या हिजाबवाल्या मुलीचा खटला आज सांगायचा होता, पण त्याला पुढच्या आठवड्यापर्यंत थांबावं लागेल. साताऱ्याहून एका वाचकाने विचारलंय: ‘फिर्यादी खुद्द सरकार, हातात ढीगभर आकडे, तरी सिअर्सविरुद्ध सरकार हरलं कसं?’ सिअर्सवर लिहायला मला निमित्तच हवं असतं.

सत्तरच्या दशकातलं सिअर्स म्हणजे अमेरिकेतलं सर्वांत मोठं किरकोळ विक्रीचं साम्राज्य. तिथे विक्रेत्यांच्या दोन जाती होत्या. चादरी, कपडे, सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्यांना ठरावीक पगार. वॉशिंग मशीन, टायर, घर तापवायच्या भट्ट्या, कुंपणं विकणाऱ्यांना कमिशन, आणि त्यांची कमाई पगारवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त. पगाराच्या काउंटरवर बहुतेक बायका, कमिशनच्या काउंटरवर बहुतेक पुरुष.

अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाला, म्हणजे ईईओसीला, स्वतः खटला भरण्याचा अधिकार मिळाला १९७२मध्ये. १९७३मध्ये त्याने सिअर्सची चौकशी सुरू केली, खटला दाखल झाला १९७९मध्ये आणि शिकागोच्या न्यायालयात सुनावणी सुरू व्हायला १९८४ उजाडलं. ती दहा महिने चालली. आयोगाची भिस्त संख्याशास्त्रावर होती: अर्ज करणाऱ्यांत बायका इतक्या, कमिशनवर घेतलेल्या इतक्याच, मधली तफावत म्हणजे भेदभाव.

सिअर्सचं उत्तर असं की बायकांनाच ही कामं नको होती. कमाईची शाश्वती नाही, सहकाऱ्यांशी चढाओढ, संध्याकाळी परक्यांच्या घरी जाऊन माल खपवायचा. या म्हणण्याला आधार द्यायला कंपनीने चक्क इतिहासकार उभी केली, रोझलिंड रोझेनबर्ग. स्त्री-पुरुषांच्या आवडी आणि अपेक्षा इतिहासात वेगवेगळ्या घडत आल्या, त्यामुळे प्रत्येक तफावतीला मालकाला जबाबदार धरता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. आयोगाकडून अ‍ॅलिस केसलर-हॅरिस आल्या. जेव्हा जेव्हा चांगल्या पगाराची दारं उघडली तेव्हा बायका त्यांतून आत गेल्याच, असा त्यांचा मुद्दा. दोघी स्त्रियांच्या इतिहासाच्या अभ्यासक, दोघी स्त्रीवादी. अमेरिकेतल्या इतिहासकारांमध्ये यावरून जे रण पेटलं ते निकालानंतरही शमलं नाही.

एक कागद मात्र मला कायम अस्वस्थ करतो. उमेदवारांना सिअर्स एक स्वभावचाचणी देत असे. तुमचा आवाज खर्जातला आहे का? तुम्ही वारंवार शिव्या देता का? कुस्ती किंवा बॉक्सिंग खेळला आहात का? फुटबॉलच्या संघात होतात का? अशा उत्तरांवरून उमेदवाराची तडफ जोखली जाई. वॉशिंग मशीन विकायला बॉक्सिंग कशाला? ज्या दारावर असे प्रश्न टांगलेत, तिथे बायका आल्या नाहीत म्हणून त्यांची ‘आवड’ कशी ठरवायची? न्यायाधीश जॉन नॉर्डबर्ग यांना हा पुरावा फारसा वजनदार वाटला नाही.

त्यांना खटकलं ते दुसरंच. ‘मला कमिशनचं काम हवं होतं आणि बाई म्हणून नाकारलं’ असं शपथेवर सांगणारी एकही स्त्री आयोगाने उभी केली नाही. सातारकरांच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथेच आहे. एवढ्या मोठ्या देशभरच्या कंपनीत अशी एक बाई सापडू नये, याचा अर्थ न्यायाधीशांनी आयोगाच्या विरुद्ध लावला. १९८६मध्ये सिअर्स जिंकलं, १९८८मध्ये अपिलातही निकाल टिकला. तिथे न्यायाधीश कुडाही यांनी अंशतः असहमती नोंदवली. बायकांना अमुक कामात रस नसतो हे गृहीत धरणं हाच जुना साचा आहे, असा त्यांचा रोख होता. माझ्या मते त्या सगळ्या खटल्यातला सर्वांत शहाणा मजकूर तोच.

आकडे लागतातच, पण त्यांच्या शेजारी नाव-गाव असलेलं माणूस बसवायचं राहिलं आणि आयोगाची इतक्या वर्षांची मेहनत वाया गेली. तुल्साच्या खटल्यात मात्र आयोगाच्या बाजूला एक सतरा वर्षांची मुलगी होती, मुलाखतीला डोक्यावर काळा स्कार्फ बांधून गेलेली. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५मध्ये आठ विरुद्ध एक असा निकाल लागला. तो सविस्तर पुढच्या आठवड्यात.