शाळा उघडली, तरी मोबाईलवरचा वर्ग सुटला नाही

"मोबाईल पाहू पाहू पोरीची नजर गेली, ताई. आता क्लासबिस बंद!"

अड्याळच्या वस्तीत विहाराच्या पायरीवर एका आईने मला हे सांगितले. पोरगी बारावीला, नर्सिंगच्या सीईटीची तयारी करते. नागपूरला खोली करून शिकवणी लावणे घराला झेपत नाही. मोबाईलवरचा वर्ग हाच तिचा वर्ग.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ऑनलाइन शिक्षण आपल्या पोरांनी मागितले नव्हते, ते गळ्यात पडले. घरात एकच फोन, तोही बापाच्या खिशात. लहानांसाठी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचे, पण ज्यांच्या घरी टीव्ही त्यांनाच. 4 ऑक्टोबर 2021 ला गावातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा उघडल्या, 1 डिसेंबरला पहिली ते चौथीच्या. लहानांना शाळाच हवी होती. मोठ्यांनी मात्र मोबाईल सोडला नाही. धडा थांबवून पुन्हा ऐकता येतो, एसटीचे भाडे लागत नाही, समजले नाही तर कोणी हसत नाही. मला त्यांचे म्हणणे पटते. (नर्सिंगचे पुस्तकातले ऐकून येईल, शीर शोधायला मात्र पेशंटचाच हात धरावा लागतो.)

मग त्या मुलीला मी बाजूला बसवून विचारले. फोन तिला रात्री दहानंतर मिळे. दिवा बंद, आडवी पडून, फोन नाकाजवळ. सकाळी डोके जड, फळ्यावरचे पुसट. डोळे तपासले तर चष्म्याचा नंबर निघाला. तो मोबाईलनेच आला असे छातीठोक सांगता येत नाही. सतत जवळचे पाहणे आणि मोकळ्या उजेडात न फिरणे यांचा वाटा मात्र असतो. पडद्याकडे पाहताना पापण्याही कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. चष्मा लागला, डोकेदुखी गेली. क्लास बंद करायची गरजच नव्हती.

जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारने मर्यादा सांगितली होती: आठवीपर्यंत दिवसाला 30 ते 45 मिनिटांचे जास्तीत जास्त दोन तास, नववी ते बारावीला चार. ती आजही घरात पाळण्यासारखी आहे. फोन हातभर लांब, भांड्याला टेकवून उभा ठेवा. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद अंगणातल्या झाडाकडे पाहायला सांगा. झोपेच्या तासभर आधी फोन बंद. आणि पोर फळा पाहताना डोळे बारीक करत असेल तर रागावण्याआधी नजर तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी शाळांत तपासणीला येते, अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना चष्मा मोफत मिळतो. गुरुजींना तारीख विचारून ठेवा.

त्या घरात आता संध्याकाळी सात ते नऊ फोन पोरीकडे असतो. बापाला कोणाला फोन करायचा असेल तर तो शेजाऱ्याकडे जातो.